नावानं न उघडणारं कपाट

विमलताई खंडारे यांनी पहिल्याच भेटीत मला दाराबाहेर बसवलं होतं. मंगरूळपीरला तेव्हा कुष्ठरोग नियंत्रणाची एक लहानशी कचेरी होती. दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचा मांडव. सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं आणि आजचा आपला वाशीम जिल्हा त्या वेळी अकोल्यातच मोडत असे. नेमणुकीचा कागद हातात घेऊन मी उंबरा ओलांडणार, तोच टेबलामागून आवाज आला, "थांबा जी. कोन तुमी?"

मी कागद पुढं केला. ताईंनी तो दोनदा वाचला, खालची सही उजेडात धरून पाहिली आणि म्हणाल्या, "कागद बराबर हाये. पन या कागदातला मानूस तुमीच, हे कोन सांगन?"

डॉक्टरसाहेब जेवून परत येईपर्यंत मी मांडवात बसून राहिलो. नोकरीचा पहिला दीड तास मी नोकरीत नव्हतोच म्हणा. त्या दिवशी ताईंचा जो राग आला होता, तो जायला मला बरीच वर्षं लागली. आज त्यांच्या पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथात लिहायला बसलो आहे, तर तेही सांगून टाकावं असं ठरवलं आहे.

विमलताई त्या कचेरीत कारकून होत्या. हुद्दा एवढाच, पण कचेरी चालायची ती त्यांच्या कपाटावर. हिरव्या रंगाचं लोखंडी कपाट, त्यात रुग्णांची कार्डं. कार्डावर फक्त नंबर. कोणता नंबर म्हणजे कोणता माणूस, हे एका वेगळ्या वहीत, आणि ती वही वेगळ्या कुलपात. अंगावर बधिर चट्टा निघाल्याचं गावात कळलं की त्या घरची सोयरीक तुटायची, पाण्याला जाणं अवघड व्हायचं. गोळ्या नेमानं घेतल्या तर माणूस बरा होतो, हे आम्ही घसा फोडून सांगायचो. लोक मान हलवायचे आणि त्या घरचा चहा टाळायचे.

आम्ही फिरते कर्मचारी पाच-सहा जण होतो. माझ्याकडं कामरगावची बाजू, रहीमभाईंकडं जऊळक्याची. सायकलच्या कॅरिअरला गोळ्यांची पेटी बांधून गावोगाव जायचं. एखाद्याला गोळी किती चालू आहे, मध्ये अंगावर उठलं होतं का, हे पाहायला कपाटातली माहिती वरचेवर लागायची, आणि मंगरूळपीर तर लांब. म्हणून आमच्या आधीच्या लोकांना नावांची यादीच उतरवून देत असत. त्यातली एक यादी कोणाकडून तरी बसमध्ये राहिली. ती कोणाच्या हाती पडली ते कळलं नाही, पण महिन्याभरात एका मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. विमलताईंनी साहेबांच्या मागं लागून याद्या बंद करवल्या आणि स्वतःची एक रीत बसवली.

पोस्टकार्ड चालायचं नाही, कारण ते पोस्टमनपासून पारावरच्या मंडळींपर्यंत सगळे वाचतात. बंद पत्र लिहायचं, आणि निकड असली तर टपाल कचेरीतून फोन करायचा. फोनवर नाव उच्चारायचं नाही, फक्त नंबर. फोन करणारा आपलाच माणूस आहे हे ओळखायला ताई दर महिन्याला प्रत्येकाला एका भाजीचं नाव ठरवून द्यायच्या. ती आपली आपल्याजवळ ठेवायची, दुसऱ्याला सांगायची नाही. मी दोडका असताना कामरगावच्या टपाल कचेरीत उभा राहून सांगायचो, "हॅलो, दोडका बोलतो. बत्तीस नंबरचं पाहा." मी भाजीचा अडत्या आहे अशी तिथल्या पोस्टमास्तरांची पक्की समजूत झाली होती. एकदा त्यांनी मला घरच्या लग्नासाठी वांग्यांचा भाव विचारला.

आपल्या भागाबाहेरचा नंबर विचारला तर दोडका असो की कारलं, उत्तर मिळायचं नाही. कोणी, कोणत्या दिवशी, कोणतं कार्ड विचारलं ते ताई कार्डाच्या पाठीवर लिहून ठेवत. कोणाची बदली झाली की त्याची भाजी त्याच दिवशी बंद. असा एक जण बदलीनंतर सवयीनं फोन करून बसला, तर त्याला म्हणाल्या, "भाऊ, तुमची भाजी बाजारातून उठली. आता इकडं कायले फोन करता?"

मोठ्या माणसांनाही सवलत नव्हती. नवे डॉक्टर रुजू झाले आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी अकोल्याहून फोन केला. वरच्या साहेबांसमोर बसून एका रुग्णाची माहिती हवी होती. ताईंनी विचारलं, "भाजी सांगा." डॉक्टर तापले. मी तुमचा अधिकारी आहे म्हणाले. ताई म्हणाल्या, "असान जी. मी कुठं नाही म्हनून राह्यली? पन मले फोनातून तोंड दिसत नाही." दुसऱ्या दिवशी डॉक्टर तरातरा आले ते रागावण्यासाठीच. ताईंनी उभं राहून नमस्कार केला आणि घडी केलेली एक चिठ्ठी त्यांच्या हातात दिली. त्यात लिहिलं होतं, 'भोपळा'. डॉक्टर खुर्चीत बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

हे सारं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात शाळेची पायरी चढलेल्या त्या पहिल्या. शाळेत असताना शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना मास्तरांनी त्यांचं सगळं, जात, बापाचा धंदा, घरात खाणारी तोंडं, वर्गासमोर मोठ्यानं वाचलं होतं. एकदाच त्यांनी मला हे सांगितलं. "मानसाची नोंद चारचौघात वाचली की त्याले कसं वाटते, ते मले मालूम हाये," एवढं म्हणून त्या पुन्हा कार्डं लावू लागल्या.

आता जे सांगतो ते आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

ही नोकरी मी सेवेसाठी धरली नव्हती. मला ते कपाट हवं होतं. माझी मोठी बहीण, इंदूअक्का, हिला लग्नानंतर दोन वर्षांनी पाठीवर चट्टा निघाला. सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. बाबा चांगले शेतकरी, गावात मान असलेले, पण त्या दिवशी त्यांनी तिला आत ये म्हटलं नाही. ती चार दिवस गोठ्याशेजारच्या खोलीत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी ती जऊळक्याच्या स्टेशनावर चालत गेली आणि गाडीत बसली. मी शाळेतून आलो तर खोली झाडून ठेवलेली होती. पुढं गावातल्या एकानं तिला मंगरूळपीरला गोळ्यांच्या रांगेत पाहिल्याचं सांगितलं. म्हणजे तिचं कार्ड असणार, आणि ती पुढं जिथं गेली तिथला पत्ता त्यावर असणार.

आमचं गाव रहीमभाईंच्या भागातलं, पण त्यांच्या रुग्णांत तशी कोणी नव्हती. दुसरीकडं गेलेल्या रुग्णाचं कार्ड कुठं पाठवलं, हे फक्त कपाटाला ठाऊक. मी ताईंना सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, "तुमच्या भागातला नंबर हाये काय?"

"नाही. माझी सख्खी बहीण आहे."

"मंग तं मुळीच नाही."

मी हट्टाला पेटलो. रहीमभाई मोकळे गृहस्थ, एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून त्यांची भाजी निसटली होती. मुळा. एका भर दुपारी मी कामरगावहून फोन लावला, आवाज जाड केला, दोन शब्द हिंदीचे घातले आणि सांगितलं, मुळा बोलतोय, जुना नंबर सापडत नाही, नाव सांगतो. मी अक्काचं नाव घेतलं. घरात ते नाव घ्यायची बंदी होती. कित्येक वर्षांत मी ते मोठ्यानं उच्चारलं ते त्या काळ्या फोनमध्ये.

पलीकडं कपबशी वाजल्याचं ऐकू आलं. मग ताई हळू आवाजात म्हणाल्या, "नावानं कपाट उघडत नाही, भाऊ. ऊन लय हाये. पानी प्या, सायकल सावलीत घ्या, मंग घरी जा."

पुढं कधीतरी रहीमभाईंकडून कळलं की त्या दुपारी ते स्वतः ताईंच्या टेबलासमोर बसून चहा पीत होते. कोणाचा तरी फोन आला आणि बाईंचा चेहरा उतरला, एवढंच त्यांना आठवत होतं. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या भाज्या बदलल्या. साहेबांकडं माझी तक्रार गेली नाही. गेली असती तर मी त्याच दिवशी घरी बसलो असतो.

आठवड्याच्या बैठकीला गेलो तेव्हा मान वर करायची माझी हिंमत नव्हती. सगळे गेल्यावर ताईंनी मला थांबवलं. "तुमाले जे सांगायचं असन ते पाकिटात बंद करून माझ्याजवळ द्या. मी उघडनार नाही. ती असन तं तिले पोचवीन. हाये का नाही, हे मात्र सांगनार नाही. तिले वाटलं तं ती लिहीन."

त्या भाऊबीजेला मी पहिलं पाकीट दिलं. आत लिहिलं होतं, घरी ये. उत्तर आलं नाही. दुसऱ्या वर्षी लिहिलं, बाबा रागावणार नाहीत. खरं तर ते मी त्यांना विचारलंही नव्हतं. तिसऱ्या वर्षी लिहिलं, नुसतं बरी आहे एवढं कळव. दर वेळी पाकीट देताना मी ताईंचा चेहरा वाचायचा प्रयत्न करत असे. तो चेहरा म्हणजे दुसरं कपाटच. एकदा मला वाटलं, ती नसती तर ताईंनी पाकीट परत दिलं असतं. मी तसं बोलून दाखवताच त्या म्हणाल्या, "मी कोनाचंच पाकीट परत देत नाही, भाऊ. त्यावरून हिशेब नका करू."

याच सुमारास एक माणूस कचेरीत आला. मी मांडवातच बसलो होतो. आपली बहीण हरवली आहे, आई अंथरुणाला खिळली आहे, एकदा तोंड पाहू द्या, असं सांगून तो ताईंसमोर ढसाढसा रडला. माझ्याच्यानं पाहवेना. ताईंनी त्याला पाणी दिलं आणि जे मला सांगितलं होतं तेच त्यालाही सांगितलं. पाकीट द्यायला तो तयार झाला नाही. पंधरा दिवसांनी कळलं की तो त्या बाईचा नवरा होता. तिला रोग आहे हे पंचांसमोर उघड करून त्याला दुसरं लग्न करायचं होतं. मी घरी जाताना सायकल हातात धरून चालत गेलो. त्याचं सांगणं माझ्याइतकंच खरं वाटलं होतं. टेबलापलीकडून आम्हा दोघांत फरक कसा करणार होत्या त्या? माझा राग गेला तो त्या संध्याकाळी.

बाबा गेले ते सत्तरचं दशक संपता संपता. शेवटच्या दिवसांत ते एकदा म्हणाले, "इंदीले म्या आत नाही घेतलं रे." बस, तेवढंच. मी भाऊबीजेची वाट न पाहता ते वाक्य जसंच्या तसं लिहून पाकीट ताईंना नेऊन दिलं. दुसऱ्या दिवशी टेबल रिकामं होतं. कधी रजा न घेणाऱ्या विमलताई दोन दिवस रजेवर. परत आल्या तेव्हा म्हणाल्या, नात्यात लग्न होतं. असेलही. त्या दोन दिवसांचा अर्थ मी अजून लावतो आहे.

मध्यंतरी माझा नातू घरी आला होता. तो इथं कामरगावात बसून पुण्याच्या कचेरीचं काम करतो. काम सुरू करण्याआधी त्याच्या मोबाइलवर एक आकडा येतो, तो टाकल्याशिवाय तिकडची माहिती उघडत नाही, आणि जी उघडते तीही त्याच्या कामापुरतीच. फार नवं आहे आजोबा, असं तो मला समजावत होता. मी म्हटलं, आमच्या वेळी दोडका यायचा. त्याला वाटलं, म्हातारा भरकटला.

ती कचेरी कधीच उठली. कपाट कुठं गेलं ठाऊक नाही, आणि ती वही, ताईंच्याच सांगण्याप्रमाणे, नियमानं जाळली गेली. विमलताई आता मंगरूळपीरला लेकाकडं असतात, गुडघ्यांनी जेरीस आणलं आहे, पण दारावर कोणी आलं की अजून आधी विचारतात, "कोन तुमी?" मी दर भाऊबीजेला जातो. पाकीट देतो. त्या ते पदराखाली घेतात, चहा ठेवायला सांगतात आणि आम्ही पिकापाण्याचं बोलतो.

विमलताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभावं, ही आम्हा सर्व जुन्या सहकाऱ्यांची इच्छा आहे. त्यात माझा स्वार्थ आहे, तो लपवत नाही. इंदूअक्काचा ठावठिकाणा या जगात कोणाला ठाऊक असेल, तर तो त्यांनाच असेल. त्या सांगणार नाहीत आणि मी आता विचारणारही नाही. यंदाचं पाकीट लिहून तयार आहे. ते घ्यायला त्या असाव्यात, पुढच्या वर्षीचं घ्यायलाही असाव्यात, आणि माझ्या थरथरत्या हाताचं अक्षर लागेनासं होईल, तेव्हाही ते पाकीट न उघडता पदराखाली ठेवायला विमलताई असाव्यात.