बाबांचा शेवटचा अर्धा तास

बाबा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी ते माझ्याशी अर्धा तास बोलले. आईला त्यांनी चहा ठेवायला पाठवलं आणि दार लोटून घ्यायला सांगितलं. खोलीत आम्ही दोघंच होतो. हे सगळं मला आईने सांगितलं आहे. मला त्या अर्ध्या तासातलं अक्षर आठवत नाही. बाबा गेल्याचंही आठवत नाही.

माझी शेवटची धड आठवण उन्हाळ्याच्या सुट्टीतली आहे. बाबा पोळ्याच्या चार दिवस आधी गेले. त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेचा व्हिडिओ भावाच्या मोबाइलमध्ये आहे. त्यात पांढऱ्या साडीतली एक बाई माईकवर बोलते आणि हातात कागद नसल्यामुळे जरा लांबवते. आवाज माझाच. शेवटी ती म्हणते, बाबा मला जे सांगून गेले ते मी फक्त आईला सांगेन. दरवेळी तिथे आलं की मला तिचा संताप येतो. अगं बाई, त्याच दिवशी सांगून मोकळी झाली असतीस तर काय बिघडलं असतं?

पण तिने आईला थोडं सावरू द्यायचं ठरवलं असावं, आणि तेवढ्यात मी आजारी पडले. पांढुर्ण्याहून रोजच्या बसने सौंसरला उतरले आणि चौदा वर्षं शिकवत असलेली शाळा कुठल्या दिशेला आहे तेच कळेना. एका तासात तीनदा हजेरी घेतली म्हणे. सगळे म्हणाले, बापाचा धक्का बसला. नंतर वर्गातच झटका आला, तेव्हा मला नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी मला पुढे कितीतरी वेळा समजावलं, कारण मी कितीतरी वेळा विचारलं. शरीराची जी ताकद रोगाशी लढते, तीच चुकून माझ्या मेंदूवर उलटली होती. कानांच्या आतल्या बाजूला, दोन्हीकडे, करंगळीएवढा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग असतो, तो सुजला होता. नवी गोष्ट आधी तिथे धरली जाते आणि मग हळूहळू पक्की होते. म्हणून माझं लहानपण जागच्या जागी आहे. जे अजून पक्कं व्हायचं होतं ते गेलं. विसरणं हे वरदान आहे असं म्हणणाऱ्यांना एकदा माझ्याकडे पाठवा.

याहून वाईट गोष्ट त्यांनी भावाला सांगितली. अशा पेशंटच्या मेंदूला रिकामी जागा चालत नाही. तो आपल्या मनाने काहीतरी भरतो आणि पेशंटला ते खरंच वाटतं. मी त्या दिवसांत मावशीला सांगितलं होतं की बाबा बाहेर सायकल घेऊन उभे आहेत. भावाला सांगितलं की मला उद्या दहावीचा पेपर आहे. आणि आईला सांगितलं की बाबांनी तो देवीचा टाक नदीत सोडलाच नाही, आपल्या संत्र्याच्या झाडाखाली पुरला.

त्या टाकाची गोष्ट मला पक्की आठवते, कारण मी तेव्हा सहावीत होते. आईला तिच्या आईकडून मिळालेला देवीचा चांदीचा टाक तिने गव्हाच्या कोठीत लपवला होता. बौद्धाच्या घरात देव नको, यावर बाबा ठाम होते. त्यांना तो सापडला. ते त्याच संध्याकाळी खिशात घालून निघाले आणि रिकाम्या हाताने परतले. जाम नदीत सोडला, एवढंच म्हणाले. आईला तो पुजायचा नव्हता. तिच्या आईची तेवढी एकच वस्तू तिच्याकडे होती. ती भांडली नाही, पण तेव्हापासून तिने बाबांच्या ताटात जेवण वाढलं ते त्यांच्याकडे न बघता. मला ते घर अजिबात आवडायचं नाही.

मी बरी होऊन घरी आले तेव्हा आई दर रविवारी सौंसरच्या वाटेवरच्या आमच्या संत्र्याच्या अकरा झाडांपाशी जात होती. बहारासाठी झाडं ताणावर ठेवली होती, पाणी बंद, जमीन टणक. ती एकेका झाडाखाली कुदळ चालवत होती. शेजारच्या शेतकऱ्याने मला थांबवून सांगितलं की मुळं तुटून राहिली, तुमचा बहार जाईल. तोपर्यंत चार झाडं झाली होती.

मी तिच्यासोबत गेले आणि तिथेच, बांधावर बसून, तिला डॉक्टरांचं सगळं सांगितलं. ते माझ्या डोक्याने बनवलेलं असू शकतं, मला खरंच काही आठवत नाही, असं म्हणताना मला रडू आलं. आईने कुदळ खाली ठेवली नाही.

"तवा तुले सोताचं नाव येत नोतं," ती म्हणाली. "खोटं बोलाले डोकं लागते. ते कोठं होतं तुयाजवळ?"

खरं सांगायचं तर गोंधळ माझाच वाढला होता. कारण आता मला ते दिसायला लागलं होतं: बाबा अंथरुणावर, मला सांगता सांगता हाताने माती लोटून दाखवत. ही आठवण परत येत होती, की आईला खणताना पाहून माझा मेंदू पुन्हा भरत होता, ते मला कळत नव्हतं. आजही कळत नाही.

"कोन्तं झाड म्हनले होते ते?" आईने विचारलं.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. माहीत नाही, एवढंच म्हणायचं होतं, ते मला धड म्हणता येतही होतं. मी बांधाजवळच्या झाडाकडे बोट दाखवलं.