कासवाने गिळलेला नाडा

शनिवारी दुपारी साडेबारा वाजता, लख्ख उजेडात, माझ्या पायाचा अंगठा कोणीतरी ओढला. खोलीत मी एकटाच होतो.

आता तुम्ही सरसावून बसला असाल. अमावस्या, चिंचेचं झाड, पांढरी साडी असलं काहीतरी येणार म्हणून. साडी येणारे, पण ती जुनी, सुती, हिरवी आणि माझ्या ताईची आहे. भूत येत नाही. मला ओळखणारे म्हणतील, हा आता कोणाची तरी नक्कल करून हसवणार. नक्कलही येणारे. हसू किती येईल ते सांगता येत नाही, मला अजून आलेलं नाही. ही फरशी झाडणाऱ्या मशीनची गोष्ट आहे.

मी सिन्नरचा. शाळेत अभ्यासापेक्षा मुख्याध्यापकांच्या खोकल्यात जास्त हुशार होतो. वर्गाबाहेर उभं राहून तसा खोकलो की आतला वर्ग चिडीचूप. स्टँडवरच्या अनाउन्सरचा नाकातला आवाज काढून एकदा पुण्याच्या गाडीची माणसं तीन नंबरवरून एक नंबरवर पळवली होती. बारावीनंतर कोर्ससाठी नाशिकला आलो आणि सिडकोत ताईकडे राहायला लागलो. घरात ताई, दाजी, त्यांची सात महिन्यांची मुलगी आणि मी. ताई-दाजी दोघंही सातपूरला नोकरीला. बाळाला सांभाळायला एक मावशी यायच्या, पण शनिवारी त्यांची सुट्टी. ताईचा शनिवारी हाफ डे. म्हणून शनिवारी सकाळी नऊ ते एक बाळ मामाकडे.

त्यात दाजींनी मशीन आणलं. पोळपाटाएवढं, काळं, गोल. आपलं आपण घरभर फिरून झाडतं आणि मागच्या ओल्या फडक्याने पुसतं. ताईने पहिल्याच दिवशी त्याला कासव म्हटलं आणि तेच नाव पडलं. कासवात गुण होते, खोटं कशाला बोलू. पलंगाखाली जिथे ताईचा झाडू आणि माझी कंबर दोन्ही जात नव्हते तिथे ते खुशाल जायचं. घराचा नकाशा त्याने स्वतः काढला होता, मोबाइलवर दिसायचा. कुठली खोली झाडायची तिच्यावर बोट ठेवायचं, निघालं. चार्जिंग संपत आलं की टीव्हीखालच्या आपल्या जागेवर जाऊन बसायचं. पण नखरेही होते. काळं पायपुसणं दिसलं की त्याला वाटायचं खड्डा आहे, घाबरून मागे फिरायचं. ताईचे केस बाळंतपणानंतर फार गळायचे, ते त्याच्या ब्रशला गुंडाळायचे, दर रविवारी कात्रीने कापत बसावं लागायचं. आणि कासव सोडायच्या आधी चपला, वायरी, खेळणी सगळं उचलून ठेवायचं. दाजी म्हणायचे, "घर झाडायच्या आधी घर आवरून द्यावं लागतं, असा हा जावई आहे."

ते बोलायचं पण. हिंदीतून, एकदम सभ्य बाईच्या आवाजात. "सफाई शुरू कर रही हूँ." दोन दिवसांत तो आवाज मी उचलला. ताई पोळ्या करत असताना मागून म्हणायचो, "कृपया तूप लगाइए." ती लाटणं उगारायची.

ताईचा नियम एकच होता. बाळ झोपलं असेल तर कासव सोडायचं नाही.

बाळ झोपायचं बेडरूममध्ये, झोळीत. ताईची ती हिरवी साडी छताच्या हुकाला दुहेरी बांधलेली. झोळीला नाडा. परकराचे दोन नाडे जोडून ताईने तो इतका लांब केला होता की स्वयंपाकघरातून भाजी ढवळता ढवळता झोका देता यायचा. झोळीखाली कायम एक जाड गोधडी घडी करून टाकलेली. आणि बेडरूमच्या दाराला वरवंटा लावलेला. कारण बिल्डरने त्या दाराला मेन दरवाज्यासारखं लॅच बसवलं होतं. दार लागलं की लागलं, बाहेरून किल्लीशिवाय उघडत नाही. एक किल्ली ताईच्या पर्समध्ये. दुसरी बेडरूमच्याच कपाटात, म्हणजे नसल्यासारखीच.

त्या शनिवारी बाळ बारा वाजता झोपलं. मी हॉलमध्ये आडवा झालो आणि नाडा पायाच्या अंगठ्याला बांधला. असं केलं की पाय हलवत राहायचं, हात मोबाइलला मोकळे. फरशी टोचत होती म्हणून झोळीखालची गोधडी आणून माझ्या खाली घातली.

मला कासवाचा व्हिडिओ करायचा होता. आधी त्याचा खरा आवाज, मग तोच मी काढतोय आणि ते फिरतंय, असा. मित्रांनी आठवडाभर डोकं खाल्लं होतं. म्हणलं, बाळ गाढ झोपलंय, कासव फक्त हॉलमध्ये सोडू, दहा मिनिटांचं काम. आवाज नीट रेकॉर्ड व्हावा म्हणून त्याचा आवाज फुल्ल केला. वरवंट्याला ते नेहमी अडकायचं, तो उचलून ओट्यावर ठेवला. नाडा सोडून उठलो, चालत्या कासवाला हातात उचलून दोन शॉट घेतले आणि भलतीकडेच ठेवून दिलं. परत आडवा झालो, नाडा अंगठ्याला बांधला आणि व्हिडिओ कापत बसलो.

चालत्या कासवाला उचललं की ते नकाशा विसरतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. हॉल कुठला, बेडरूम कुठली, त्याला काही कळेनासं होतं.

मग अंगठा ओढला गेला.

आधी वाटलं बाळ हललं असेल. पण झोळीचा ओढा कसा असतो ते पायाला ठाऊक असतं. तो येतो आणि जातो. हा जातच नव्हता. नाडा हळूहळू, एका चालीने आत चालला होता आणि त्याच्याबरोबर माझा पाय. मी मान उचलली. बेडरूमचं दार आपोआप लागत होतं. वारा नाही, कोणी नाही, दार सावकाश येतंय. मी उठायला गेलो, नाड्याने पाय ओढला, तोंडावर पडलो. आणि टक. लॅच लागलं.

दारामागून घर्रर्र आवाज आला तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कासव आत गेलं होतं. जाता जाता त्याने नाडा ब्रशात घेतला होता आणि दारामागची धूळ काढायला म्हणून दाराला मागून ढकललं होतं.

अंगठ्याची गाठ दातांनी सोडली. गाल फरशीला लावून दाराखालच्या फटीतून पाहिलं. कासवाचा निळा दिवा. त्याच्या पलीकडे लांब झोळीचं बूड. ते नेहमी सरळ खाली लोंबायचं. आता ते दाराकडे तिरकं ओढलं गेलं होतं. झोळीची एक कड वर, एक कड खाली. आणि त्याच्याखाली नुसती फरशी, पांढरी, पुसून चकचकीत. गोधडी माझ्या गुडघ्याखाली होती.

मोबाइल उचलला, ॲप उघडलं आणि घाईत "घरी पाठवा" दाबलं. कासवाचं घर हॉलमध्ये. म्हणजे ते दाराकडे यायला लागलं, नाडा गुंडाळत, झोळी आणखी ओढत. हुक करकरला. मी "थांबवा" दाबलं. ते थांबलं आणि फुल्ल आवाजात सभ्यपणे म्हणालं, "मेन ब्रश में कुछ फँसा है. कृपया जाँच करें."

बाळ जागं झालं.

मी माझ्या बाजूचा नाडा ओढून पाहिला. हुक परत करकरला, मी हात काढून घेतला. दाराला खांदा मारला. आत बाळ दचकून रडलं, म्हणून तेही सोडलं. तिसरा मजला, खिडकीला ग्रिल, समोरच्या घराला कुलूप. ताईला फोन लावला, वाजत राहिला. ती स्कूटीवर निघाली असणार. दाजींना लावला.

"दाजी, बाळ आत अडकलंय, कासवाने झोळी ओढलीय, दार लागलंय."

दाजी हसले. "मेव्हणे, मागच्या महिन्यात तुम्ही तुमच्या ताईच्या आवाजात गॅस लीक झाला म्हणून सांगितलं होतं. मी मीटिंग सोडून आलो होतो. आज कासव का? चालू द्या." आणि ठेवला. परत लावला तर उचललाच नाही.

मी दाराला तोंड लावून म्हणलं, "ए चिमणे, मामा आहे हं इथे." आणि ही माझी त्या दिवसातली सगळ्यात मोठी चूक होता होता राहिली. बाळाला माझा आवाज म्हणजे खेळ. मी बोललो की ती खिदळते आणि दोन्ही पाय झाडते. तशीच रडता रडता खिदळली. झोळी उडाली. वरची कड अजून वर गेली आणि त्या हिरव्या साडीतून एक छोटी टाच बाहेर आली. फटीतून मला फक्त ती टाच दिसत होती.

मी तोंडावर हात दाबून धरला. गप्प राहिलं की ती रडते आणि कूस बदलते. बोललं की उड्या मारते. माझा आवाजच नको होता तिथे.

मग मी ताई झालो.

हा आवाज मी हसवायला शंभरदा काढला होता. चढा, घाईतला, ओरडणारा. तो उपयोगाचा नव्हता. ताई बाळाला झोपवताना वेगळी असते. दमलेली, घशातून बोलते, वाक्याच्या शेवटी आवाज खाली सोडते. तो मी कधी काढला नव्हता, कारण त्यात हसण्यासारखं काही नाही. फक्त भिंतीपलीकडून रोज ऐकला होता. "ओ ओ ओ. आलेय मी. कुठे नाही गेले. झोप माझी बाय. आता भाजी टाकायची, मग कपडे, मग तुझी आंघोळ. ओ ओ." पहिल्यांदा फाटला. दुसऱ्यांदा जमला. टाच थांबली.

मग मी थांबू शकत नव्हतो. श्वास घ्यायला थांबलो की आतून कुरकुर यायची. ताई जे जे पुटपुटते ते सगळं म्हणलं. दूध उतू गेलं, पाणी गेलं, मामा अजून उठला नाही, त्याला उठवू आपण. ते संपल्यावर परत पहिल्यापासून. गाल फरशीवर, डोळा त्या टाचेवर, घाम कानात जातोय आणि तोंडातून माझ्या बहिणीचा शांत आवाज येतोय. आवाज थरथरू दिला नाही. किती वेळ गेला माहीत नाही. हुक अधूनमधून करकरायचा. प्रत्येक वेळी मी टाच पडलेली बघायचो आणि ती पडलेली नसायची.

मेन दरवाज्यात किल्ली फिरली. ताई आत आली आणि तिथेच उभी राहिली. हॉलमध्ये तिचा आवाज चालू होता आणि ती गप्प होती. मी फरशीवरूनच हाताने खूण केली. दार, झोळी, किल्ली. तिने काय ओळखलं कोण जाणे, पर्स उघडली. किल्ली काढली. मला खुणेने सांगितलं, बोलत राहा.

मी बोलत राहिलो. तिने किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं, मागे कासव. ताईने माझ्याकडे पाहिलं. ढकललं तर काय होईल ते दोघांनाही माहीत नव्हतं. तिने डोळे मिटून हळू ढकललं. कासव मागे सरकलं, नाडा सैल पडला आणि झोळी डुलत सरळ झाली. ताई फटीतून आडवी आत गेली आणि बाळ उचललं.

मी दारातच बसलो. ताईने बाळाला सगळीकडून चाचपलं, डोकं, पाठ, पाय. मग विचारलं, "गोधडी कुठंय?"

"अगं, माझ्याखाली होती," मी म्हणलं. ताईच्याच आवाजात. तो जातच नव्हता.

बाळाने आईच्या कडेवरून मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं.

ताईने ते पाहिलं. इतका वेळ रडली नव्हती, आता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मग जी सुटली ती सुटलीच.

"लाज नाय वाटली? ती पडली तर लागू नये म्हणून घातलेली गोधडी तू स्वतःच्या ढुंगणाखाली घेतलीस. वरवंटा काय वाटण वाटायला ठेवला होता तिथे? सांगितलं होतं ना, झोपली असताना सोडायचं नाही. त्या कासवाला काय बोलू, त्याला डोळे नाहीत. तुला दोन आहेत आणि दोन्ही मोबाइलमध्ये. अंगठ्याला बांधून झोका देतोय. आपली आई शेतावर चार लेकरं सांभाळायची, तिने कधी अंगठ्याला नाही बांधलं कोणाला. आणि दाजींना गॅसचा फोन केला होतास ना, आता ते परत कधी तुझा फोन उचलायचे नाहीत, आणि मी सांगणार पण नाही उचला म्हणून."

मी खाकरलो. स्वतःच्या आवाजात "चुकलं ताई" म्हणायचं होतं.

"गप. आधी माझा आवाज तोंडातून काढ, मग बोल. मी इथे उभी आहे आणि ती तुझ्याकडे बघते, कळतंय का तुला? पुन्हा तिच्यासमोर हा आवाज काढलास तर सिन्नरच्या गाडीत बसवून देईन. ते मशीन उचल, कात्री घे, नाडा काप त्यातून. उद्यापासून झाडू तू मारायचास, हाताने, वाकून. बघतोस काय? ऊठ. वरवंटा आण आधी."