नीलेशची भोवळ आणि माझं भाषांतर

डॉक्टरबाईंनी विचारलं, "चक्कर येते का? छातीत धडधड?" मी ते मराठीत नीलेशला सांगितलं. नीलेश चांगला दोन मिनिटं बोलला. जिना चढताना दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली होती. मागच्या आठवड्यात तर ओजिमा स्टेशनवर भोवळ आली आणि तो भिंतीला टेकून खालीच बसला.

मी बाईंकडे वळलो आणि जपानीत म्हणालो, "थोडा थकवा आहे. झोप कमी होते."

त्यांनी तेवढंच टाइप केलं.

मी डॉक्टर नाही, दुभाषीही नाही. तोयोसुच्या एका ऑफिसात ब्रिज इंजिनिअर आहे. म्हणजे इकडे जपानी क्लायंट, तिकडे पुण्याची टीम आणि मध्ये मी. क्लायंट म्हणतो, "ही क्वालिटी आम्हाला चालणार नाही." मी पुण्याला सांगतो, "थोडे चेंजेस आहेत." पुणं म्हणतं, "शनिवारी आम्ही मुळीच बसणार नाही." मी क्लायंटला सांगतो, "टीम प्रयत्न करतेय." झाकली मूठ सव्वा लाखाची. बारा वर्षं हेच करतोय आणि त्याबद्दल मला शाबासकीच मिळत आलीय.

नीलेश खैरनार माझ्या टीममधला, पण इकडेच माझ्याबरोबर बसणारा; जपानी त्याला येत नाही. नाशिकचा, चौतीस वर्षांचा. डोळे लाल झाले, स्क्रीन धूसर दिसायला लागली म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेला. त्यांनी छातीचा एक्स-रे काढायला लावला. दुखणं डोळ्यांचं आणि फोटो छातीचा, म्हणून आम्ही हसलोसुद्धा. फुफ्फुसांजवळच्या गाठी सुजलेल्या निघाल्या. नाशिकला आईने टीबी समजून रडून घेतलं. मग गाठीचा तुकडा काढून तपासला. टीबी नव्हता, सार्कोइडोसिस होता.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. शरीराचं रक्षण करणाऱ्या पेशी शत्रू नसतानाच गोळा होतात आणि बारीक गाठी करून बसतात. का, ते अजून कुणालाच नीट माहीत नाही. गाठी फुफ्फुसात होतात, डोळ्यांत होतात, कातडीवर होतात. पुष्कळांच्या आपोआप विरूनही जातात. "पण हृदयात झाल्या तर गंभीर," त्या म्हणाल्या. हृदयाचे ठोके चालवणारी एक वायरिंग असते, तीच या गाठी बिघडवतात. चक्करेचा प्रश्न त्यासाठीच होता. हे सगळं मी मराठीत उत्तम सांगितलं होतं. म्हणजे मला कळत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

दहा दिवसांवर आमचं गो-लाइव्ह होतं. नवी सिस्टिम खऱ्या वापरात येते तो दिवस. जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणायचं काम एकट्या नीलेशला माहीत होतं. भोवळ म्हटलं की बाई त्याला दाखल करून घेणार, हे मला दिसत होतं. शिवाय मला खरंच वाटलं होतं, की पोरगं झोपत नाही म्हणून गरगरतंय. यातलं खरं कारण कुठलं आणि सबब कुठली, ते मला आजही सांगता येत नाही.

त्या दिवशीचा ईसीजी बरा आला. बाई म्हणाल्या, "मग हृदयाच्या पुढच्या तपासण्या पुढच्या महिन्यात करू."

बाहेर आल्यावर नीलेशने विचारलं, "दादा, चक्करेचं काय म्हणाल्या?"

"पुढच्या महिन्यात बघू म्हणाल्या."

गो-लाइव्ह निर्विघ्न पार पडलं. सकाळी अकराला आमचे बॉस मोरीता-सान सगळ्यांचे आभार मानत होते. नीलेश चहा आणायला उठला आणि खुर्चीसकट आडवा झाला. हृदय बंद पडलं होतं. भिंतीवरचं शॉक देणारं मशीन काढून मोरीता-साननीच लावलं. मी नुसता उभा होतो.

चौथ्या दिवशी तो बोलायला लागला. रूपाली, त्याची बायको, मला म्हणाली, "दादा, तुम्ही बरोबर होतात ना, म्हणून मी निर्धास्त होते." मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो?

या वेळी हॉस्पिटलने टॅबलेटवर हिंदीची दुभाषी जोडून दिली. डॉक्टरबाईंनी विचारलं, "आधी कधी चक्कर आली होती का?"

नीलेश सावकाश हिंदीत म्हणाला, "हां. उसी दिन बताया था. स्टेशनवाला भी बताया था."

दुभाषीने ते जपानीत सांगितलं. एक शब्द कमी केला नाही. बाईंनी जुनी नोंद उघडली, वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग नीलेशने पाहिलं. रूपालीला समजायला थोडा वेळ लागला.

त्याच्या छातीत ठोके सांभाळणारं यंत्र बसवलं, स्टेरॉइड सुरू केली. औषधाने सूज उतरते, पण हृदयाचा जो भाग मेला तो मेला. चार पायऱ्या चढला की नीलेशला धाप लागते. दोघं नाशिकला परत गेली. माझे मेसेज तो वाचतो, उत्तर देत नाही. त्या दिवशी नीट सांगितलं असतं तर हृदय वाचलं असतं का, हे मी बाईंना विचारलेलं नाही. उत्तर ऐकायची माझ्यात हिंमत नाही.

हल्ली ऑफिसात मी ऐकतो तेच सांगतो. क्लायंट चिडतो, पुणं चिडतं, मोरीता-सान दोनदा बाजूला घेऊन बोलले. चिडून कुणी मरत नाही.