परबचं ‘नको’

आमच्या ऑफिसात एक ड्रॉवर भरून चाव्या आहेत. घरं केव्हाच विकली गेली, कुलपंही बदलली असतील, पण चाव्या परत न्यायला कुणी आलं नाही. कुठली चावी कुठल्या दाराची, ते आता मलाही सांगता येत नाही. किस्से असेच साठतात बघा. काहींची दारं मात्र मला अजून पाठ आहेत.

ऑफिस मुलुंड पूर्वेला, झेरॉक्सवाल्याच्या मागे. माणसं दोनच, परब आणि मी. बाकीचे एजंट विकणारा आणि घेणारा, दोघांच्याही वतीने गोड बोलतात. परब फक्त घेणाऱ्याचा. म्हणजे काय करतो? घर बघतो आणि ‘नको’ म्हणतो! प्रत्येक व्हिजिट मी वहीत लिहितो. शेवटचा रकाना ‘का नको’. तो सहसा रिकामा राहत नाही.

एकदा एक गिऱ्हाईक वैतागलं. “परब, तुम्ही घर मिळवून देता की अडवता?”

“मिळवून कुणीही देईल हो. अडवायला माणूस लागतो!”

ते गिऱ्हाईक परत आलं नाही.

* * *

स्मिता राणे मात्र येत राहिली. शाळेत क्लार्क, लग्न केलेलं नाही, आईबरोबर कुर्ल्याला भाड्याने राहायची. वडील गिरणीत होते. गिरणी बंद पडली, मग राहती खोली गेली, आणि तेव्हापासून दर अकरा महिन्यांनी अॅग्रीमेंट संपलं की बिऱ्हाड हलायचं. आईचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले आणि घर दुसऱ्या मजल्यावर.

“परबकाका, अट एकच. आईला जिना नको. तिला एकदा स्वतःच्या घरात बसलेली बघायचीय मला.”

“मग आईला घेऊनच ये. बसणार ती, बघू दे तिलाच.”

आम्ही रिक्षा घेऊन त्यांना आणायला गेलो. आई उतरताना प्रत्येक मजल्यावर थांबायची. “जरा थांब गो,” म्हणायची आणि कठडा धरून उभी राहायची. स्मिताच्या हातात आईचं घडीचं स्टूल. कुठलंही घर असो, आई ते स्टूल खिडकीशी मांडून बसणार आणि विचारणार, “हय बसून माका काय दिसता?”

त्या दिवसापासून परब आणि मीही त्यांना आईच म्हणायला लागलो.

* * *

पहिलं घर घाटकोपरला. ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं विकणाऱ्याच्या एजंटने सांगितलेलं. परबने मनगटावरचं घड्याळ काढून हातात धरलं आणि आईच्या मागोमाग चालायला लागला. आईच्या चालीने एकतीस मिनिटं लागली!

एजंट ओशाळला. “आम्ही बाइकने म्हटलं होतं, आजी.”

आई म्हणाली, “मगे विमानान सांग ना, मेल्या!”

वहीत: नको. लांब.

* * *

बोरिवलीचं घर तळमजल्यावर, झकास होतं. पण तीन भिंती जुन्या आणि एकच नवीकोरी रंगवलेली. तिच्यावर गणपतीची हातभर मोठी फ्रेम. परब फ्रेमपाशी गेला, तशी मालकीण ओरडली, “अहो, देवाचा फोटो आहे, हलवू नका!”

परबने आधी नमस्कार केला, मग फ्रेम अलगद उचलली. मागे काळपट ओल, पार छतापर्यंत गेलेली.

“बाई, देवाला सर्दी झालीय!”

त्या दिवशी परतताना रिक्षात आई इतकी हसली की तिला ठसका लागला. ती तशी हसलेली मी नंतर पाहिली नाही.

* * *

मग देवनारकडचं. लिफ्ट होती, पाणी होतं, कागद चोख. सगळ्या खिडक्या बंद आणि घरात पाच ठिकाणी अगरबत्त्या. आईने स्टूल मांडलं आणि खिडकी उघडली. डम्पिंग ग्राउंडच्या कचऱ्याचा वास आत आला, तो थेट घशातच बसला.

परबने मालकाच्या मुलीला विचारलं, “बाळा, वास रोज असाच येतो?”

मुलगी आमच्याकडे बघत राहिली. “कसला वास?”

परब त्या दिवशी ‘नको’सुद्धा म्हणाला नाही. नुसती मान हलवली. रकाना मी माझ्या मनानेच भरला.

* * *

आणि एकदा घर मिळालं होतं. मुलुंडलाच, आमच्या ऑफिसपासून दोन गल्ल्या सोडून. तळमजला, खिडकीबाहेर शेवग्याचं झाड. आई अर्धा तास स्टुलावर बसून राहिली. काय दिसतं, ते विचारलंच नाही. निघताना म्हणाली, “माका हय मराण इला तरी चलात.”

स्मिता रडायलाच लागली.

परब कागद घेऊन कोपऱ्यात बसला होता. घर मालकाच्या वडिलांच्या नावावरचं, आणि एका भावाची सही नव्हती. भाऊ कुठे आहे, ते मालकालाही ठाऊक नव्हतं.

“नको, स्मिता. उद्या भाऊ उभा राहिला तर आईला घेऊन कुठे जाशील?”

“काका, प्लीज!”

“नको.”

ते घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. ते लोक अजून तिथे राहतात. भाऊ काही आला नाही. परब हल्ली त्या गल्लीतून जात नाही.

* * *

त्या वर्षीच्या अॅग्रीमेंटच्या अकराव्या महिन्यात आई गेली. कुर्ल्यालाच, भाड्याच्या घरात. जिना अरुंद होता. आईला उतरवताना एका बाजूने परबने धरलं होतं. प्रत्येक मजल्यावर तोच म्हणाला, “जरा थांबा रे.”

* * *

तीन महिन्यांनी स्मिताचा फोन आला. तिला मुलुंडमध्ये एक घर कळलं होतं. आम्ही गेलो. ती दारात उभी होती आणि काखेत घडीचं स्टूल होतं.

घर चौथ्या मजल्यावर. परबने सगळे नळ सोडून पाहिले, पाण्याला जोर होता. भिंतींवर हात फिरवला, कोरड्या होत्या. खिडक्या उघडल्या, छान वारा आला. खाली बसून एकेक कागद वाचला. सगळ्या सह्या होत्या. इतकं स्वच्छ घर माझ्या वहीत दुसरं नाही.

स्मिता त्याच्या तोंडाकडे बघत होती. “बोला ना, काका. घेऊ?”

परबने फाइल बंद केली, चष्मा काढला.

“नको गं. लिफ्ट नाहीये. आई चौथा मजला कशी चढणार?”

बाथरूममधला एक नळ सुरूच राहिला होता. तो बंद करायला मी आत गेलो आणि आतच थांबलो.

मला स्मिताचा आवाज ऐकू आला. “हो ना. नकोच मग.”

तिने काखेतलं स्टूल सावरलं आणि जिना उतरायला लागली. प्रत्येक मजल्यावर ती थांबली. मागे परबही थांबला.