रांगेत माझी उंची मोजली

मंडळी, आज दादाच्या गाडीतून आम्ही सगळे संभाजीनगरहून पुण्याकडच्या थीम पार्कला गेलो. माझं वय तीस, उंची चार फूट.

मोठ्या पाळण्याच्या रांगेत लहान मुलांची उंची मोजत होते. दादा ओरडला, "हिला पण मोजा की! वाढली का बघू!" खांद्यांना धरून त्यानं मला पट्टीखाली उभं केलं. सगळी रांग हसली. आईपण हसली.

"ताई, तुम्हाला नाही बसता येणार," मोजणारी मुलगी हळूच म्हणाली.

"मग बॅगा सांभाळ," दादा म्हणाला.

बॅगा वहिनीच्या हातात देऊन मी निघाले. आता परतीच्या एसटीत बसलेय.

आत्ताच आईचा फोन आला. "एवढ्याशा गमतीवरून रुसलीस? सगळ्यांची ट्रिप नासवलीस."

दादाचं मला नवीन नाय. आईच्या हसण्याचं काय करू, सांगा.