पास्कूची पिशवी आणि माझी चिठ्ठी

पास्कू गेल्याचं त्याच्या मुलीनं, रोझानं, फोनवर सांगितलं. मी मातीला गेलो... पण तिथं बोलायला हवं होतं ते बोललो नाही. पाच आठवड्यांनी इथं लिहितो आहे.

पास्कू आमच्या वटार गावचा, माझा शाळासोबती. तो बोटीवर खलाशी झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास आजारी पडला, तेव्हा बोटीनं त्याला दक्षिण अमेरिकेतल्या गयानात उतरवलं. नदीकाठच्या एका अरावाक आदिवासी कुटुंबानं त्याला सहा महिने सांभाळलं. येताना त्यानं वेताच्या टोपलीसारखी विणलेली लांब, निमुळती पिशवी आणली. तो सांगायचा, त्यांची घरं चारी बाजूंनी उघडी, वर झावळ्या. सगळे झोळीत झोपतात. विषारी कंद किसून या पिशवीत भरतात, पिशवी आढ्याला टांगतात, खालच्या कडीत दांडा घालून त्यावर बसतात. ताणली की पिशवी आवळते, विषारी रस गळून जातो. उरलेल्या चोथ्याची भाकरी करतात.

"मोठी माणसं झोळीत? मग झोका कोण देतं रे, पास्कू?" गावच्या क्रुसापाशी बसलेली मंडळी हसायची. त्याचं नावच 'थापाड्या' पडलं.

मी तेव्हा शाळेत मास्तर होतो. प्रदर्शनासाठी त्यानं ती पिशवी दिली. मला ती आपल्या खाडीतल्या सापळ्यासारखी दिसली, म्हणून मी चिठ्ठी बांधली: 'मासे पकडण्याचे साधन'. पास्कू सगळ्यांदेखत म्हणाला, "मास्तर, हे मासे धरायचं नाय. भाकरीचं हाय."

"तुझ्या बोटीवरच्या गोष्टी इथं नकोत," मी म्हणालो. पोरं हसली.

दोनेक वर्षांनी मुंबईच्या एका ग्रंथालयात पुस्तक चाळताना चित्र दिसलं. तीच पिशवी, तोच दांडा, त्यावर बसलेली बाई... मी पुस्तक मिटलं. पास्कूला सांगितलं नाही, क्रुसापाशीही नाही. मास्तर चुकला असं कुणी म्हणायला नको होतं. पुढं पास्कूनं त्या माणसांचं नाव काढणंच सोडलं.

परवा रोझाकडे गेलो. स्वयंपाकघरात आढ्याला पिशवी तशीच होती, माझी पिवळी पडलेली चिठ्ठीही.

"पप्पा काढू द्यायचे नाहीत, मास्तरकाका. म्हणायचे, मास्तरांनी बांधली, मास्तरच बदलतील."

चिठ्ठी सोडवून मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: 'अरावाक लोकांची कंद पिळायची पिशवी. माहिती पास्कूची, खरी.' सुतळीची गाठ मात्र मला जमेना. ती रोझानं बांधली.