चढाईचा एकही फोटो नसलेली सहल

आधीच सांगते, या पोस्टमध्ये वाळवंट आहे, तंबू आहे, बाजरीच्या भाकरीचेसुद्धा तीन फोटो आहेत. कातळ चढतानाचा मात्र एकही नाही.

मागच्या वर्षी शहराजवळच्या टेकडीवर माझी मैत्रीण सुजाता कातळ चढत होती आणि तिचा दोर खाली माझ्या हातात होता. एकाच हातात. दुसऱ्या हातानं मी तिचा व्हिडिओ काढत होते. तिचा पाय सटकला, दोर माझ्या मुठीतून पळाला. ती खाली आदळली. टाच मोडली, तीन महिने प्लास्टर. सुजातानं मला महिन्याभरात माफ केलं. तिच्या आईनं, म्हणजे आमच्याच मुकुंदवाडी वस्तीतल्या मावशींनी, माझ्याशी बोलणं टाकलं. गिरणीत समोर आल्या तरी दळणाकडे बघत उभ्या राहायच्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

जानेवारीत सुजाता म्हणाली, "राजस्थानात जाऊ. दोर तूच धरायचा." मी नाही म्हणेपर्यंत तिनं तिकिटं काढलीसुद्धा. निघताना मावशींनी दशम्यांचा डबा तिच्या हाती दिला. "दोर कोणाकडं देणार हायस?" त्यांनी विचारलं. "तिथं बघू," सुजाता म्हणाली. मी रिक्षात जाऊन बसले.

जाणाऱ्यांसाठी: अहमदाबादपर्यंत ट्रॅव्हल्स, तिथून जोधपूरला रेल्वे, पुढे जीपनं दोन तास. तंबू आणि जेवण धरून माणशी दिवसाला बाराशे. स्वेटर न्याच. तंबूवाले भंवरजी, पिकल्या मिशांचे गृहस्थ, पाणी जपून वापरा म्हणाले. आम्ही दोघींनी मिळून एका तांब्यात तोंड धुतलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "आप लोग कहाँ से हो?" टँकरच्या पाण्यावर वाढलेल्या पोरींना हे शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कातळाशी गेलो. आपला दगड काळा; इथला तांबूस आणि खरखरीत, बोटांची सालं काढतो. सुजातानं मागच्या बाजूनं चालत वर जाऊन दोर दोन खडकांना नीट अडकवला. खाली येऊन एक टोक स्वतःला बांधलं, दुसरं मला दिलं. मी तळवे पँटला पुसले.

"चढू का?"

"थांब." मी गाठ तिसऱ्यांदा तपासली. "चढ."

मागून भंवरजी म्हणाले, "मॅडम, मोबाइल दो, फोटो खींच दूँ."

"टेंट में है," मी मान न वळवता म्हणाले.

वीसेक फुटांवर तिचा तोच पाय सटकला. दोर खाडकन ताणला गेला, मी दोन पावलं पुढे ओढली गेले, पण दोर सुटला नाही. वर लटकलेली सुजाता हसत होती. मी खाली रडत होते आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता.

परत आल्यावर डबा द्यायला मी तिच्यासोबत दारापर्यंत गेले. मावशी मेथी निवडत होत्या. उंटाचे, वाळूचे फोटो बघून झाले.

"चढतानाचे दाव की."

"एकबी नाय, आई," सुजाता म्हणाली. "दोर हिच्याकडं होता."

मावशींचा हात जुडीवर थांबला. वर्षभरानं त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

"दोन्ही हातानं धरला?"

"व्हय, मावशी."

"मंग दारात कामून उभी हायस? ये, मेथी निवडू लाग."